मुरमाच्या खड्ड्यातलं तिरकं गांडूळ

आमच्या घरात भुताखेतांवर विश्वास ठेवायला कुणाला सवडच नव्हती.

बाबा बोईसरला एका केमिकल कंपनीत कंत्राटी हेल्पर होता. ड्रम ढकलायचे, गोणी उचलायच्या, टाक्या धुवायच्या. ताप आला म्हणून एक दिवस घरी राहिला की गेटवर त्याच्या जागी दुसरा उभा. आई किनाऱ्यावरून सुकट-बोंबील आणून बोईसरच्या बाजारात बसायची. आम्ही मूळचे तारापूरकडचे, दर्यावरचे. आजोबांनंतर होडी राहिली नाही, तसा बाबा कामासाठी आत आला आणि बोईसरहून चिल्हार फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात आम्ही खोली घेतली. गावाचं नाव लिहीत नाही. घाबरते म्हणून नाही. त्यांना फुकटची प्रसिद्धी कशाला, म्हणून.

खोली पत्र्याची. आईची टोपली आत ठेवली तर घरमालकीण नाक मुरडायची, बाहेर ठेवली तर मांजरं. शेवटी आई टोपली आढ्याला टांगायची आणि आम्ही तिच्याखाली झोपायचो. माझ्या गणवेशाला वास यायचा. शाळेत माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही — मग मी अख्खा बाक पसरून अभ्यास केला. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. पालघरच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. हे मी मिरवायला सांगत नाहीये... खरं तर मिरवायलाच सांगते आहे. का मिरवू नये?

तर असल्या गोष्टी मी मानत नव्हते आणि आजही मानत नाही. खाली कॉमेंटमध्ये ‘ताई, शांती करून घ्या’, ‘ताई, आमच्या ओळखीचे गुरुजी आहेत’ असं लिहायला ज्यांचे हात शिवशिवत असतील, त्यांनी इथेच थांबलेलं बरं. मला शांती नको आहे. मला जे दिसलं ते सांगायचं आहे, आणि ज्यांच्यामुळे ते बघायची वेळ आली त्यांनाही ते वाचता येईल इतक्या स्वच्छ मराठीत सांगायचं आहे.

गावाबाहेर एक तळं आहे. एक बाजू उथळ, कमळाच्या पानांनी आणि शेवाळाने भरलेली. दुसऱ्या बाजूने कधीतरी रस्त्याच्या कामासाठी मुरूम काढला होता, तो खड्डा खोल आणि काळा. त्याच्या काठापर्यंत टेम्पो सहज जाईल अशी कच्ची वाट आहे. ती वाट लक्षात ठेवा.

तळ्याचा ठेका जगनशेठकडे. गावातला वजनदार माणूस, वीटभट्टी, दोन डंपर, गळ्यात जाड चेन. त्याने तळ्यात रोहू-कटला सोडले होते. मरळ मात्र तिथे आपोआपची, ती गळाने धरायला कुणाला आडकाठी नव्हती. शुक्रवारी कंपनीला सुट्टी असली की बाबा सकाळीच गळ घेऊन बांधावर. आमच्या घरात ताजा मासा शिजायचा तो त्याच दिवशी.

आता मरळ शेवाळात बसते. साधा गळ टाकला की मासा लागायच्या आधी शेवाळ लागतं. बाबाने त्यावर स्वतःच्या डोक्याने तोड काढली होती. कंपनीत फाटके रबरी हातमोजे फेकून देतात, केशरी रंगाचे. त्यांची बोटं कापून तो गांडुळं बनवायचा. पुढे मला नोकरी लागली आणि मी ऑनलाइन सॉफ्ट प्लॅस्टिकच्या गांडुळांचं पाकीट मागवलं, तेव्हा कळलं की जगभर लोक हेच करतात आणि त्याचे व्हिडिओ टाकतात. गळ गांडुळाच्या नाकातून आत घालायचा, जरासा पुढे बाहेर काढायचा, फिरवायचा, आणि टोक पोटातून वर आणून पाठीच्या कातडीखाली लपवायचं. टोक लपलेलं, म्हणून शेवाळात अडकत नाही. मासा चावला की प्लॅस्टिक दबतं आणि टोक बाहेर येऊन लागतं. बाबा म्हणायचा, “टोक लपव बाय. पन येवडा पन नको लपवू का माशालाच घावनार नाय.”

एकच फरक. व्हिडिओवाले ओरडून सांगतात की गांडूळ सरळ बसलं पाहिजे, रेघेसारखं. बाबा टोक मधोमध आणायचाच नाही. जरा डावीकडून काढायचा, त्यामुळे गांडूळ तिरकं बसायचं आणि पाण्यातून वाकडंतिकडं जायचं. मी एकदा म्हटलं, “बाबा, हे वाकडं झालं.” तर म्हणाला, “पान्यात सरल कोन जाते? तू जातेस सरल? जीव हाय तो वाकडाच जाते.”

आणि गांडूळ ओवून झालं की तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा धागा, बोटात धरून दोन हलके झटके द्यायचा. टक् टक्. गाठ बघायला. मग म्हणायचा, “जा.” गळाला म्हणायचा, मला नाही.

ही झाली आमची मजा. आता पुढचं.

दर्यावरची माणसं नारळी पुनवेला दर्याला नारळ देतात, हे मी इथे समजावून सांगायची गरज नसावी. बाबा आत राहायला आल्यावरही ते सोडायला तयार नव्हता. सोनेरी कागद लावलेला नारळ, त्याला चारी बाजूंनी तंगूस गुंडाळून स्वतःच्या हाताची गाठ. त्या वर्षी रजा मिळाली नाही, किनाऱ्यावर जाता आलं नाही. म्हणून संध्याकाळी कंपनीतून सुटल्यावर तो तळ्यावर गेला आणि मुरमाच्या खड्ड्याकडून त्याने नारळ तळ्याला दिला. मुद्दाम तिकडून, कारण तिथे पाणी खोल. “उथल पान्यात देव पन उभा नाय रेत,” असं घरी येऊन आईला म्हणाला आणि हसला.

सकाळी तळ्यावर मेलेल्या माशांचा पांढरा थर. रोहू, कटला, मरळ, सगळं पोट वर करून.

ग्रामपंचायतीसमोर लोक जमले. जगनशेठच्या रखवालदाराने — रघ्या त्याचं नाव — सरळ बाबाकडे बोट केलं. “मी माझ्या डोल्यांनी बघितला. सांजचे यानं खड्ड्यात काय तरी टाकला. सोन्यावानी चमकत व्हता.”

“नारल व्हता,” बाबा म्हणाला. “आज पुनव... काल पुनव व्हती ना.”

“तल्याला नारल?” जगनशेठ सगळ्यांकडे बघत म्हणाला. “आमच्या बापजाद्यांनी कदी तल्याला नारल दिला नाय. तुमाला काय तल्यात होड्या हाकायच्या हायेत?”

लोक हसले. आईच्या बाजूला उभी असलेली घरमालकीणही हसली, तिचं हसू मला आजही दिसतं.

“आमी दर्याला देतो,” बाबा म्हणाला. “इथं दर्या नाय. म्हून तल्याला दिला.”

“बरं. नारल तरंगते ना? तू दर्यावरचा, तुला म्हायती. मंग दाव. कुठं हाय तुजा नारल?”

बाबाने तळ्याकडे बघितलं. सगळ्यांनी बघितलं. मासे तरंगत होते. नारळ नव्हता.

“कंपनीतलं केमिकल आनून टाकला यानं,” मागून कुणीतरी बोललं. “रातीचा मासा गोला करून विकायचा बेत असल. बायको बाजारात बसतेच की.”

बस्स. ठरलं. कुणी पाणी तपासलं नाही, कुणी पोलिसांत गेलं नाही. गेले असते तर बरं झालं असतं हो! पोलिसांनी निदान पंचनामा केला असता. इथे एका हशावर निकाल लागला. बाबा पुन्हा तोंड उघडून बोललाच नाही, ना तेव्हा, ना नंतर. खोली गेली. कंपनीतला सुपरवायझर त्याच गावचा, त्यामुळे कामही गेलं. आम्ही बोईसरला एका चाळीत आलो. बाबाने गळाची काठी चुलीत घातली आणि पुढच्या नारळी पुनवेच्या आत झोपेतच गेला. डॉक्टर म्हणाले हृदय. मी म्हणते तो हशा.

मी शिकत राहिले. दुपारपर्यंत कॉलेज, संध्याकाळी शिकवण्या. पास झाले आणि एका कंपनीच्या लॅबमध्ये लागले, क्वालिटी कंट्रोलला. पण आईला नातेवाइकांत कुणी नवं भेटलं की प्रश्न ठरलेला: “म्हंजे तुमीच काय त्या... तल्यात विष टाकलेले?” बसने मनोरला जायची वेळ आली की आई त्या गावाच्या स्टॉपवर पदर डोक्यावरून पुढे ओढून खाली बघायची. तिने काही केलं नव्हतं, तरी खाली बघायची. मला त्या पदराची जेवढी चीड यायची तेवढी जगनशेठचीही येत नसेल.

एका शुक्रवारी, डिसेंबरातल्या सकाळी, मी स्कूटर काढली आणि त्या तळ्यावर गेले. एकटी, रॉड घेऊन. ‘कशाला गेलीस’ असं तुम्ही विचाराल. मला तिथे मरळ पकडायची होती. त्यांच्या गावातून, त्यांच्या डोळ्यांसमोरून, हातात टांगून न्यायची होती. भक्ती नाही, आठवण नाही, काही नाही. निव्वळ राग.

तळ्याचा ठेका कधीच बंद पडला होता. सोडलेला मासा जगतच नव्हता म्हणे. उथळ बाजूला शेवाळात थोडीफार मरळ परत आलेली दिसत होती. बांधावर दोन बायका कपडे धुवायला बसल्या होत्या. एक म्हणाली, “बाई मानूस गल टाकाला आला, ऐका!” दुसरी म्हणाली, “पँट घातलेय, चालते.” मी त्यांच्याकडे बघितलं नाही. गांडूळ ओवलं, सरळ, रेघेसारखं. पुढे शिशाची छोटी गोळी. मला जे करायचं ते मी नीट करते, ही माझी लॅबची सवय आहे.

उथळ बाजूला काही लागेना, म्हणून मी मुरमाच्या खड्ड्याकडे गेले. खड्ड्यात शेवाळ नाही, झाडाची फांदी नाही, काही नाही. टाकलं. गांडूळ तळाला गेलं आणि अडकलं.

टोक लपवलेला गळ असा अडकत नाही. तोच तर त्याचा उपयोग. मी जरा ओढलं. तेव्हा पलीकडून तंगुसाला दोन हलके झटके आले.

टक् टक्.

मग तंगूस सैल.

मासा असा ओढत नाही. ज्यांनी गळ टाकलाय त्यांना कळेल — मासा ठोकतो, पळतो, हिसकतो. मोजूनमापून दोनदा ओढून सोडून देत नाही. मी गुंडाळत आणलं. गांडूळ हातात घेतलं आणि पहिलं काय जाणवलं असेल तर ते चिकट झालं होतं. फुगलेलं, मऊ, बोटाला लागणारं. वास यायला लागला. आणि मग मी बघितलं की ते तिरकं आहे. टोक डाव्या बाजूने काढून कातडीखाली लपवलेलं.

मला आधी वाटलं, मीच रागाच्या भरात वाकडं ओवलं असणार. म्हणून नवीन घेतलं. सरळ ओवलं. मोबाईलवर फोटो काढला. त्याच जागी टाकलं. तळाला गेलं, अडकलं, टक् टक्, सैल. वर आणलं. तिरकं. डावीकडून.

फोटो माझ्याकडे आहेत, आधीचा आणि नंतरचा. इथे टाकणार नाही. तुम्ही म्हणाल एडिट केलेत, आणि मग मला तुमच्याशी भांडावं लागेल.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवते, कारण ती मी घरी जाऊन भिंगाखाली बघितली. गांडूळ एकदा ओवलं की त्यात भोक पडतं. काढून पुन्हा ओवलं तर जुनं भोक राहतं, नवं दिसतं. या दोन्ही गांडुळांत माझं सरळ भोक नव्हतंच. फक्त तिरकं. जणू मी ते कधी ओवलंच नव्हतं. फुगल्यामुळे भोक बुजलं म्हणाल — तर मग तिरकंही बुजायला हवं होतं. आणि हे असं ओवायला दोन हात लागतात. खड्ड्याच्या तळाशी दोन हात कुणाचे?

मी घाबरले का? नाही. खोटं कशाला बोलू, थोडीशी घाबरले असेन, पण घाबरण्यापेक्षा संतापच जास्त आला. स्कूटरवर बसून मी सगळ्या रस्त्याभर मोठमोठ्याने बडबडत आले. कुणाला ते मलाच कळत नव्हतं.

घरी आईसमोर दोन्ही गांडुळं ठेवली. काही सांगितलं नाही. तिने गळाचं काही कधी शिकलेलं नाही, पण अख्खा जन्म ती बाबाच्या बाजूला बसून बोंबील निवडायची. तिने उचलून बघितलं आणि तिचा चेहरा बदलला.

“यो तुज्या बाबाचा हात हाय. कुठं मिलाला?”

मी सांगितलं. ती उठली, पदर खोचला. “चल.”

“आई, ऊन आहे. जेवून—”

“चल म्हंटला ना.”

भर दुपारी आम्ही दोघी त्या खड्ड्यावर उभ्या. मी गांडूळ ओवून टाकलं. आई तंगूस बोटात धरून उभी राहिली. तळाला गेलं. आणि मी आईच्या हाताकडे बघत होते... तिचं बोट हललं. दोनदा.

मला वाटलं ती रडेल. ती पाण्यावर ओरडली. असं ओरडली की पलीकडे बांधावरच्या बायका धुणं थांबवून उभ्या राहिल्या.

“आता येतोस काय रं? आता? त्या दिवशी सगला गाव हसत व्हता तेवा तोंड उघडला नाय! येकदा बोललास आन् गप बसलास! मी खाली मान घालून फिरते, पोरीला सोयरीक येत नाय, आन् तू हितं पान्यात बसून पोरीच्या गलाशी खेलतोस? बोलाचा हाय तर नीट बोल! नायतर सोड तिला!”

तंगूस सैल झाला. मी गुंडाळला. गांडूळ तिरकं होतं, आणि आधीच्या दोन्हींपेक्षा जास्त चिकट. जवळजवळ विरघळलेलं. आईने ते माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, “तू शिकलेली हायेस ना? मंग बघ यो असा कशानं होते.”

तिथे माझी ट्यूब पेटली. इतका वेळ मी गांडूळ तिरकं का, हेच बघत बसले होते. चिकट का, हे बघितलंच नव्हतं. तो प्रश्न तर माझ्या विषयाचा होता!

असलं मऊ प्लॅस्टिक पाण्यात कितीही वर्षं ठेवा, काही होत नाही. ते फुगतं आणि चिकटतं सॉल्व्हंटमध्ये. काही सॉल्व्हंट पाण्याहून जड असतात, वर तरंगत नाहीत, तळाशी जाऊन बसतात. वरून पाणी स्वच्छ दिसतं. वास मला पहिल्याच गांडुळाला आला होता, लॅबमध्ये रोज येतो तोच. मी बाटलीला शिसं बांधून तळाचं पाणी काढलं आणि खाजगी लॅबमध्ये तपासायला दिलं. जे यायचं तेच आलं.

आता जिथे भूत आहे असं लोकांना वाटतं ते सोपं होतं हो. खरी भुतं पुढे भेटली, टेबलामागे बसलेली. एका सरकारी ऑफिसात साहेब गांडुळाकडे बघून म्हणाले, “मॅडम, तुम्ही मासेमारीच्या रबराच्या किड्यावरून तक्रार करता आहात?” मी म्हटलं, “नाही, केमिस्ट्रीवरून करते आहे. किडा तुमच्यासाठी आणलाय, तुम्हाला रिपोर्ट वाचायचा कंटाळा येईल म्हणून.” शेजारचा क्लार्क खाली बघून हसला. तक्रार घेतली. पुढे हललं काहीच नाही.

म्हणून मी ग्रामसभेत गेले. मी त्या गावची नाही, बोलायचा हक्क नाही, असं जगनशेठ म्हणाला. “हरेश्वरची पोर शिकली म्हून आमाला शिकवाला आली काय?” हरेश्वर म्हणजे माझा बाबा. इतक्या वर्षांनी त्या गावात त्याचं नाव घेतलं गेलं ते असं.

मी म्हटलं, “हो. शिकले म्हणूनच आले. तुमच्या बोअरवेल तळ्यापासून किती लांब आहेत ते तुम्हीच बघा. तुमची पोरं तेच पाणी पितात. माझं काय, मी बोईसरला राहते.” आणि ते चिकट गांडूळ टेबलावर टाकलं. ते टेबलाच्या रंगाला चिकटून बसलं. सरपंच काढायला गेले तर रंगाचा पापुद्रा घेऊन निघालं. त्या कपडे धुणाऱ्या बायकांपैकी एक उठली आणि म्हणाली, “तरीच माज्या हाताची कातडी जाते!” मग मात्र बायकांनी सभा डोक्यावर घेतली. मला पुढे काही बोलावंच लागलं नाही.

मे महिन्यात पाणी उतरलं तेव्हा गावाने पंप लावून खड्डा उपसला आणि बोईसरहून हायड्रा क्रेन बोलावली. आता मात्र ऑफिसवालेही मास्क लावून हजर. तळाशी ड्रम होते. गंजलेले, फुटलेले, एकावर एक, टेम्पोतून लोटून दिल्यासारखे. ती कच्ची वाट लक्षात ठेवा म्हटलं होतं ना? त्या वाटेवर रखवालदार कुणाचा होता, हेही लक्षात असेल. रघ्या केव्हाच गाव सोडून गेला. टेम्पो कुणाचा, ड्रम कुठल्या कंपनीचे — तपास चालू आहे. माझे केस पांढरे होईपर्यंत चालू राहील.

सगळ्यात खालचा ड्रम हायड्राने उचलला आणि त्याच्या जागी, चिखलात रुतलेला, एक नारळ होता. काळा पडलेला. सोनेरी कागद कुठला राहायला. पण तंगूस सडत नाही. चारी बाजूंनी गुंडाळलेला तंगूस तसाच होता आणि वर ती गाठ. आई चिखलात उतरली, कुणाला विचारलं नाही. नारळ पोटाशी धरून वर आली.

नारळ तरंगतो, मग तळाशी कसा गेला? याचं उत्तर माझ्याकडे आहे: त्याच रात्री वरून ड्रम पडले आणि त्यांच्या खाली तो दबला. म्हणून सकाळी तो कुणाला दिसला नाही. म्हणजे नारळ आधी, विष नंतर. लहान मुलालाही कळेल. प्लॅस्टिक का फुगलं, याचंही उत्तर आहे. गळ कशात अडकत होता, तेही कळलं.

पण गांडूळ तिरकं कुणी केलं, याचं नाही. ते दोन झटके कसले, याचं नाही. मी उत्तर शोधलं नाही असं समजू नका. लॅबमध्ये त्याच सॉल्व्हंटमध्ये सरळ ओवलेली गांडुळं बुडवून बघितली, गळासकट, पुन्हा पुन्हा. फुगली, चिकटली, विरघळली. सरळच राहिली. खड्डा उपसल्यानंतर आजपर्यंत एकदाही झटका आला नाही. मी अजूनही त्या प्रकाराला भूत म्हणत नाही. काय म्हणायचं ते मला येत नाही, एवढंच.

पुढची ग्रामसभा झाली तेव्हा मी एकच अट घातली होती. ज्याने तेव्हा ‘कुठं हाय तुजा नारल’ असं विचारलं होतं त्यानेच माईकवर सांगायचं. जगनशेठ उभा राहिला. त्याला आधीपासून माहीत होतं की नव्हतं, मला ठाऊक नाही, पण त्या दिवशी त्याला नारळाकडे बघवत नव्हतं. आईने तो समोरच्या टेबलावर ठेवला होता. माईक तोंडापासून लांब धरून तो काहीतरी पुटपुटला.

आई पहिल्या रांगेत बसली होती. पदर खांद्यावर.

“ऐकू नाय आला,” ती म्हणाली. “मोट्यानं बोल.”

कुणी हसलं नाही.

“हरेश्वरनं तल्यात विष टाकला नव्हता,” तो म्हणाला. “त्यानं नारलच टाकला व्हता.”

ड्रम निघाले. तळं साफ झालं. माझ्या बाबाचं नाव साफ झालं, त्याच गावात, त्याच जागी, माईकवर.